मोटारसायकल प्रवासातील पाठदुखी

मोटारसायकलवरून दीर्घकाळ प्रवास करताना किंवा प्रवास संपल्यानंतर पाठीत, विशेषतः कमरेच्या भागात, जाणवणारी वेदना म्हणजे मोटारसायकल प्रवासातील पाठदुखी होय. हा स्वतंत्र आजार नसून एक लक्षण आहे. एकाच स्थितीत फार वेळ बसणे, रस्त्यावरून कण्यापर्यंत पोहोचणारे हादरे आणि पाठीच्या स्नायूंना येणारा थकवा ही त्याची प्रमुख कारणे होत. वेदना केवळ कापलेल्या अंतरावर अवलंबून नसते. वाहन शरीराला जुळते आहे की नाही आणि चालक किती वेळाने खाली उतरतो, यांवर ती मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. त्यामुळे बैठकीतील सुधारणा, वेळेवर विश्रांती आणि नियमित व्यायाम यांनी ती बहुतांशी टाळता येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. यांपैकी सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये वेदनेमागे एखादा विशिष्ट आजार किंवा इजा दाखवता येत नाही. भारतात दुचाकी हे केवळ सहलीचे साधन नाही. दूधविक्रेते, घरपोच माल पोहोचवणारे कर्मचारी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आणि दूरच्या गावी नोकरीसाठी जाणारे शिक्षक यांचा दिवसातील बराच वेळ दुचाकीवर जातो. त्यामुळे हा प्रश्न हौशी प्रवाशांपुरता मर्यादित राहत नाही.

शरीररचना

पाठीचा कणा एकूण ३३ मणक्यांचा बनलेला असतो. त्यांपैकी मानेचे ७, छातीच्या मागील भागातील १२ आणि कमरेचे ५ मणके सुटे असतात. त्याखालील ५ मणके एकमेकांशी जुळून त्रिकास्थी बनते आणि शेवटच्या साधारण ४ मणक्यांचे माकडहाड बनते. सुट्या मणक्यांच्या दरम्यान चकत्या असतात. चकतीचा बाहेरचा भाग चिवट तंतूंचा, तर आतील गाभा मऊ आणि पाणीदार असतो. धक्का शोषून घेणे आणि मणक्यांना हालचाल करू देणे ही चकतीची मुख्य कामे आहेत.

कमरेच्या भागात कण्याला आतल्या बाजूस नैसर्गिक बाक असतो. माणूस उभा असताना हा बाक टिकून राहतो. पाठ पोक काढून बसल्यास ओटीपोटाचे हाड मागे कलते, बाक सपाट होतो आणि चकत्यांच्या पुढील भागावर अधिक दाब येतो. स्वीडनमधील अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीतील दाब प्रत्यक्ष मोजला. उभे राहण्यापेक्षा आधाराविना बसल्यावर हा दाब अधिक असतो, असे त्यांना आढळले. नंतरच्या मोजमापांत हा फरक कमी दिसला. परंतु पुढे वाकून बसल्याने दाब वाढतो, याला त्यांतूनही दुजोरा मिळाला.

प्रौढ वयात चकतीला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर होते आणि शरीराच्या हालचालीमुळे त्यास साहाय्य मिळते. तासन्‌तास न हलता बसणे कण्याला मानवत नाही, यामागे हे एक कारण आहे.

कारणे

मोटारसायकलच्या सीटला सहसा पाठ टेकण्याची सोय नसते. त्यामुळे धड सरळ ठेवण्याचे काम पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना सतत करावे लागते. हे स्नायू थकले की चालक नकळत पोक काढतो. मग शरीराचा भार स्नायूंऐवजी अस्थिबंधांवर आणि चकत्यांवर येतो. प्रवासाचा पहिला तास सुखाचा जाऊन दुसऱ्या तासात कंबर भरून येण्याचा अनुभव बहुधा याच क्रमाने येतो.

दुसरे कारण हादऱ्यांचे आहे. बसलेल्या माणसाचे शरीर सेकंदाला सुमारे ४ ते ८ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देते. संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांच्या मोजमापासाठी असलेल्या आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकातही या पट्ट्याला विशेष महत्त्व दिले आहे. खडबडीत रस्त्यावरून येणारी कंपने बऱ्याच अंशी याच पट्ट्यात असतात. इंजिनाची कंपने मात्र त्याहून पुष्कळ जलद असतात. मिनिटाला ३००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचे कंपन सेकंदाला ५० वेळा होते. अशा कंपनांचा त्रास प्रामुख्याने तळहात आणि तळपायांना होऊन मुंग्या येतात. कमरेला त्रास होतो तो मुख्यतः रस्त्याचा आणि खड्ड्यांचा.

वाऱ्याचाही परिणाम होतो. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. ताठ बसलेल्या चालकाला वारा मागे ढकलतो आणि तो रोखण्यासाठी मान, खांदे व पाठ ताणलेली राहते. थंड हवेत आणि भिजलेल्या कपड्यांत स्नायू अधिक आखडतात. पाठीवर जड पिशवी असल्यास तिचा भार थेट कण्यावर येतो.

पॅंटच्या मागील खिशातील जाड पाकीट हे सहज लक्षात न येणारे कारण आहे. त्यामुळे ओटीपोट एका बाजूला कलते आणि नितंबातून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब येऊ शकतो.

वाहनाचे प्रकार आणि बैठक

सर्वसाधारण मोटारसायकलवर पाय जवळपास धडाच्या खाली राहतात. त्यामुळे खड्डा आल्यावर चालक पायांवर भार घेऊन सीटवरून किंचित उठू शकतो आणि गुडघे धक्का शोषून घेतात. खडतर वाटांसाठी बनवलेल्या उंच गाड्यांतही हीच सोय असते.

क्रूझर प्रकारात पाय बरेच पुढे असतात. ही बैठक दिसायला ऐसपैस असली, तरी पायांवर भार घेता येत नाही. ओटीपोट मागे कलते आणि प्रत्येक हादरा थेट कमरेत पोहोचतो. स्पोर्ट्‌स प्रकारात चालकाला पुढे झुकावे लागते. महामार्गावरील वेगात समोरचा वारा छातीला काहीसा आधार देतो. शहरातील संथ रहदारीत मात्र तो आधार नसल्याने मनगटे, मान आणि पाठ दुखू लागते.

सुरुवातीच्या काळातील मोटारसायकलींच्या मागील चाकाला धक्के शोषणारी रचना सहसा नसे. सीटखालील स्प्रिंगा हाच चालकाचा आधार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर मागील चाकासाठी झुलत्या दांड्याची रचना रूढ होत गेली. इंग्लंडमध्ये १९४९ मध्ये विक्रीस आलेल्या रॉयल एनफील्ड बुलेटमध्ये ती होती. भारतात या गाडीची जुळणी १९५५ मध्ये तत्कालीन मद्रास येथे सुरू झाली.

वाहनातील सुधारणा

बैठक तपासण्यासाठी गाडी उभी करून त्यावर नेहमीप्रमाणे बसावे. हात हँडलवर ठेवल्यावर कोपरे किंचित वाकलेली आणि खांदे सैल असावेत. हात पूर्ण ताणावे लागत असल्यास हँडल थोडे मागे किंवा वर घेणारा जोड बसवता येतो. त्या वेळी क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, हे कारागिराकडून पाहून घ्यावे लागते.

अतिशय मऊ सीट पहिल्या काही मिनिटांत सुखद वाटते, परंतु तिचा फोम लवकरच दबतो आणि बैठकीच्या हाडांखाली कठीण भाग लागू लागतो. लांबच्या प्रवासासाठी मध्यम घट्ट, रुंद आणि फारसा उतार नसलेली सीट अधिक उपयुक्त ठरते. पुढे उतरत्या सीटवर चालक सतत टाकीकडे घसरतो आणि पाठ गोल होते.

अनेक भारतीय मोटारसायकलींच्या मागील शॉक ॲब्सॉर्बरला स्प्रिंगचा ताण बदलणारे टप्पे असतात. एकट्या चालकासाठी ताण कमी आणि डबलसीट किंवा सामान असताना अधिक ठेवणे अपेक्षित असते. ताण फार कमी असल्यास मोठ्या खड्ड्यात शॉक ॲब्सॉर्बर पूर्ण दबून जोराचा धक्का बसतो. फार अधिक असल्यास लहान खड्डेही कमरेला जाणवतात. टायरमधील हवा उत्पादकाने सांगितलेल्या दाबाएवढीच ठेवावी. अधिक हवा भरल्यास टायर कडक होऊन हादरे वाढतात. सामान पाठीवर न घेता गाडीच्या दोन्ही बाजूंस समतोल बांधणे श्रेयस्कर होय.

प्रवासातील उपाय

साधारणतः दर तासाने किंवा दीड तासाने थांबणे हा सर्वांत साधा उपाय आहे. थांबल्यावर लगेच टपरीच्या बाकावर बसण्याऐवजी पाच ते दहा मिनिटे चालावे. दोन्ही हात कमरेवर ठेवून सावकाश मागे झुकण्याची क्रिया पाच-सहा वेळा करावी. बराच वेळ पुढे वाकून राहिलेल्या कण्याला त्यामुळे उलट दिशेने हालचाल मिळते. या क्रियेने वेदना पायात उतरत असल्यास ती थांबवावी.

गाडी चालवतानाही बैठक थोडीथोडी बदलत राहावे. गुडघ्यांनी टाकी हलकेच धरल्यास ओटीपोट स्थिर राहते आणि हातांवरील भार कमी होतो. पुरेसे पाणी प्यावे. गतिरोधक आणि खड्डे दिसताच वेग कमी करावा. रस्त्यावर पकड सुटणार नाही अशा बेताने, पायांवर किंचित भार घेऊन ते ओलांडावेत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मोटारसायकलींना परवानगी नसल्याने दुचाकीस्वार खंडाळ्याच्या घाटातून जाणारा जुना महामार्ग वापरतात. अशा मार्गावर गावे, वळणे आणि रहदारी अधिक असल्याने प्रवासाचा अंदाज किलोमीटरऐवजी तासांत बांधणे योग्य ठरते.

दीर्घकाळ वाकून बसल्यानंतर अस्थिबंध काही काळ सैल राहतात. त्यामुळे मुक्कामी पोहोचताच वाकून जड सामान उचलू नये. काही मिनिटे चालल्यानंतर, गुडघे वाकवून आणि वस्तू शरीराजवळ धरून ती उचलावी.

मागे बसणारी व्यक्ती

समोरचा खड्डा चालकाला दिसतो. मागे बसणाऱ्यास बहुधा दिसत नाही. त्यामुळे धक्क्यासाठी शरीर तयार नसते. शिवाय मागची सीट मागील चाकाच्या जवळजवळ वर असल्याने तेथे हादरा अधिक बसतो. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्कर व्यक्तींमध्ये, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये, गतिरोधकावरून गाडी जोरात उडाल्यास मणका दबून मोडू शकतो. अशा धक्क्यानंतर पाठीत एकाएकी तीव्र कळ आली, तर ती मुरगळ समजून चोळू नये. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

साडी नेसलेल्या स्त्रिया अनेकदा एका बाजूला पाय सोडून बसतात. या बैठकीत कणा पिळलेला राहतो, एकाच पायाला आधार मिळतो आणि तोल सांभाळणेही कठीण जाते. लांबच्या प्रवासात दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे कण्याच्या दृष्टीने अधिक सुरक्षित असते.

व्यायाम आणि कंबरपट्टा

धडाच्या स्नायूंची ताकद आणि चिकाटी वाढवणे हा दीर्घकालीन उपाय होय. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधक स्टुअर्ट मॅकगिल यांनी यासाठी तीन व्यायाम सुचवले आहेत: पाठीवर झोपून डोके व खांदे किंचित उचलणे, एका कुशीवर कोपराच्या आधाराने शरीर तोलणे, आणि हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध बाजूंचा हात व पाय लांबवणे. योगासनांपैकी भुजंगासन, मार्जारासन आणि सेतुबंधासन यांचाही सराव केला जातो. दुखणे सुरू असताना व्यायाम निवडण्यासाठी भौतिकोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

दुचाकीस्वारांत कंबरपट्टा लोकप्रिय आहे. त्याने तात्पुरता आधार वाटतो. तथापि जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दीर्घकालीन कंबरदुखीसाठी पट्ट्यांच्या नेहमीच्या वापराची शिफारस केलेली नाही. रुग्णाला योग्य माहिती देणे आणि व्यायाम यांवर त्यांत भर आहे.

दुखणे सुरू झाल्यास

साध्या पाठदुखीत अंथरुणाला खिळून राहणे उपकारक नसते. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवल्यास बहुतेकांना काही दिवसांत किंवा आठवड्यांत आराम पडतो. शेक घेतल्याने आखडलेले स्नायू सैल होतात. वेदनाशामक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत. स्नायू शिथिल करणाऱ्या काही गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन गाडी चालवणे धोक्याचे आहे.

पुढील लक्षणे आढळल्यास प्रवास थांबवून तातडीने रुग्णालयात जावे:

• लघवी अडकणे, अथवा लघवी किंवा शौचावरील नियंत्रण जाणे
• जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरता येणे
• एका किंवा दोन्ही पायांतील शक्ती कमी होणे
• पडल्यानंतर किंवा जोराच्या धक्क्यानंतर तीव्र वेदना होणे
• पाठदुखीसोबत ताप येणे

यांपैकी पहिली तीन लक्षणे कण्याच्या खालच्या भागातील मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची खूण असू शकतात. लांबच्या प्रवासात बैठकीचा भाग बधिर होणे नेहमीचे असल्याने या खुणेकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. साधी बधिरता खाली उतरून थोडे चालल्यावर ओसरते. ती ओसरली नाही किंवा तिच्यासोबत लघवीची तक्रार असली, तर काही तासांचा विलंबही कायमच्या अपंगत्वास कारण ठरू शकतो.