पहिला आलेला घोडा दुसरा का ठरतो?

स्वातंत्र्य मिळून जेमतेम महिना झाला होता. सप्टेंबर 1947 मध्ये इंग्लंडमधील डॉनकॅस्टरच्या मैदानावर सेंट लेजर ही जुनी, मानाची शर्यत झाली आणि ‘सयाजीराव’ नावाच्या घोड्याने ती जिंकली. मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड. घोड्याला आजोबांचे नाव देणाऱ्या या नातवाने त्याच्यासाठी 1945 मध्ये 28 हजार गिनी मोजल्या होत्या, म्हणजे 29 हजार 400 पौंड. वर्षभराच्या शिंगरासाठी इंग्लंडच्या लिलावात तोवर कुणी एवढी किंमत दिलेली नव्हती. त्याच वर्षी न्यूमार्केटला झालेली डर्बी जिंकणाऱ्या ‘दान्ते’चा हा सख्खा भाऊ होता. सेंट लेजर त्याने जिंकली ती मात्र केवळ डोकेभर अंतराने. पुढच्याच वर्षी महाराजांच्या ‘माय बाबू’ने न्यूमार्केटची ‘टू थाउजंड गिनीज’ जिंकली, तीही डोकेभरानेच.

शर्यतीच्या भाषेत ‘डोके’ हे एक माप आहे. ते साधारण अर्धा मीटर धरता येईल. शेवटच्या टप्प्यात घोडा ताशी 60 किलोमीटरच्या आसपास धावत असतो. म्हणजे हे अंतर कापायला त्याला सेकंदाचा सुमारे तिसावा भाग लागतो. सेंट लेजर जवळपास 2 हजार 900 मीटरची असते. एवढे धावून आलेल्या दोन घोड्यांत सेकंदाच्या तिसाव्या भागाचा फरक उरतो आणि त्यावर मालकाची प्रतिष्ठा, लाखोंचे बक्षीस व हजारो लोकांचे पैसे अवलंबून असतात. अशा वेळी वाटेत एका घोड्याने दुसऱ्याला किंचित जरी धक्का दिला असेल तर काय करायचे, हा प्रश्न अश्वशर्यतीइतकाच जुना आहे आणि आजही जगभर त्याचे एकच उत्तर नाही.

सेंट लेजरलाच याचा ठळक अनुभव 2015 मध्ये आला. त्या वर्षीही अंतर डोकेभरच होते. ‘सिंपल व्हर्स’ ही घोडी पहिली आणि ‘बाँडी बीच’ दुसरा. सरळ टप्प्यात घोडीला पुढे निघायला वाट हवी होती. ती काढताना तिची बाँडी बीचशी धक्काबुक्की झाली आणि शेवटापर्यंत दोघे एकमेकांना खेटून धावले. स्ट्युअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, चौकशी लावली, दोन्ही घोडेस्वारांचे म्हणणे ऐकले, चित्रफीत अनेक कोनांतून पाहिली आणि क्रम उलटा केला. बाँडी बीच विजेता जाहीर झाला. सिंपल व्हर्सच्या मालकांनी अपील केले. 12 सप्टेंबरची शर्यत आणि 23 सप्टेंबरचा अपिलाचा निकाल यांत 11 दिवस गेले. अपील समितीने घोडीला विजेतेपद परत दिले.

दोन्ही वेळा पुरावा तोच होता आणि नियमही तोच होता. अडथळा झाला, यावर स्ट्युअर्डांचे आणि समितीचे एकमत होते. मतभेद पुढच्या पायरीवर झाला. अडथळा झालाच नसता तर बाँडी बीच पुढे राहिला असता का? स्ट्युअर्डांना वाटले, राहिला असता. समितीला ते पटले नाही. जे घडलेच नाही त्याचा निवाडा करणे, हेच या कामाचे अवघड मर्म आहे.

शर्यतीतला अडथळा अनेक प्रकारचा असतो. पुढच्या घोड्याने पुरेशी मोकळी जागा नसताना मागच्याच्या वाटेवर येणे, शेजारच्याला अंगाने रेटणे, दमलेल्या घोड्याने एका बाजूला सरकत जाऊन दुसऱ्याला कठड्याकडे दाबणे. यांतले बरेचसे जाणूनबुजून होत नाही. थकलेला थरोब्रेड सरळ धावत नाही. उजव्या हातातल्या चाबकाला घाबरून तो डावीकडे झुकतो आणि साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराला त्या वेगात एका क्षणात सावरणे स्वाराच्या हाती नसते. म्हणून चौकशीत दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. स्वाराचा दोष किती, हा एक. निकालावर परिणाम किती, हा दुसरा. पूर्वी हे दोन्ही एकाच तागडीत टाकले जात. त्यातून काय झाले, ते इंग्लंडच्याच दोन शर्यतींत दिसते.

1980 च्या टू थाउजंड गिनीजमध्ये ‘नुरेयेव्ह’ मानेभर अंतराने पहिला आला. शेवटाच्या बऱ्याच आधी वाट काढताना त्याने ‘पॉसी’ या घोड्याला जोरात रेटले होते. नुरेयेव्हला बाद करण्यात आले. पॉसी तिसरा आला होता, तो दुसरा झाला. विजेतेपद मिळाले दुसऱ्या आलेल्या ‘नोन फॅक्ट’ला, ज्याचा त्या धक्क्याशी काही संबंध नव्हता. ज्याचे नुकसान झाले त्याला एक पायरी आणि बघ्याला मुकुट. 1988 चा अ‍ॅस्कॉट गोल्ड कप तर याहून विचित्र ठरला. ‘रॉयल गेट’ने तो तब्बल पाच लांबीच्या फरकाने जिंकला. वाटेत त्याची ‘एल काँक्विस्टाडोर’ या मागे पडत चाललेल्या, पुरत्या दमलेल्या घोड्याशी टक्कर झाली आणि त्याचा स्वार खाली पडला. तो घोडा काहीही झाले तरी जिंकणार नव्हता, हे मैदानावरच्या कुणालाही दिसत होते. तरी तेव्हाच्या नियमानुसार रॉयल गेट बाद झाला आणि कप ‘सादीम’ला गेला. इंग्लंडमध्ये या निकालावर बरीच टीका झाली. पुढे तिथला नियम बदलला. आज ब्रिटनमध्ये घोडा पूर्णपणे बाद होतो तो स्वाराने धोकादायक स्वारी केली असेल तरच. एरवी फक्त क्रम बदलतो आणि तोही अडथळ्यामुळे निकाल बदलला असे पंचांना वाटले तरच.

आंतरराष्ट्रीय परिभाषेत या पद्धतीला ‘पहिला वर्ग’ म्हणतात. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि हाँगकाँग येथे हीच पद्धत आहे. जपान 2013 मध्ये तिच्याकडे वळला, फ्रान्स 2018 मध्ये. ‘दुसरा वर्ग’ मुख्यतः अमेरिका आणि कॅनडात उरला आहे. तिथे विचार वेगळा आहे. तुमच्या घोड्याने दुसऱ्याचा क्रमांक हिरावला, तर तुम्ही त्याच्या मागे. तो तुम्हाला हरवू शकला असता की नाही, हे तिथे विचारले जात नाही.

गोव्याच्या वाचकाला शर्यतींपेक्षा फुटबॉल जवळचा. त्या खेळाची उपमा इथे चपखल बसते. पेनल्टी क्षेत्रात बचावपटूने आघाडीपटूला पाडले की पंच पेनल्टी देतो. तो पडला नसता तर गोल झाला असता का, याचा तो हिशेब करत नाही. हा झाला दुसरा वर्ग. पण पंच जेव्हा गोलची स्पष्ट संधी हिरावल्याबद्दल लाल कार्ड काढतो, तेव्हा तो न घडलेल्या गोष्टीचाच अंदाज बांधत असतो. हा पहिल्या वर्गाचा विचार. फुटबॉलमध्ये दोन्ही एकत्र नांदतात. शर्यतीत मात्र एक निवडावा लागतो, कारण इथे पेनल्टी पुन्हा मारता येत नाही आणि शर्यत पुन्हा धावता येत नाही.

दुसऱ्या वर्गाचे सर्वांत गाजलेले उदाहरण 4 मे 2019 च्या केंटकी डर्बीचे. ‘मॅक्सिमम सिक्युरिटी’ पावणेदोन लांबीने पहिला आला. शेवटच्या वळणावर तो बाहेरच्या बाजूला सरकला होता आणि त्यामुळे ‘वॉर ऑफ विल’सह मागच्या काही घोड्यांची लय तुटली होती. दोन घोडेस्वारांनी हरकत घेतली. लाखभराहून अधिक प्रेक्षक सुमारे 22 मिनिटे ताटकळले. मग निकाल आला. पहिला आलेला घोडा थेट सतराव्या स्थानी आणि 65 ला 1 भाव असलेला ‘कंट्री हाउस’ विजेता. दोन डॉलरच्या तिकिटाला 132 डॉलर 40 सेंट मिळाले. 145 वर्षांच्या इतिहासात मैदानावरील अडथळ्यासाठी डर्बीचा विजेता हटवला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. मालक न्यायालयात गेले आणि 2020 मध्ये तिथेही हरले. पंचांचा मैदानावरील निर्णय हा न्यायालयाने फिरवण्याचा विषय नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. हीच शर्यत लंडनजवळ किंवा हाँगकाँगमध्ये झाली असती तर मॅक्सिमम सिक्युरिटी बहुधा पहिलाच राहिला असता, असे अनेक जाणकारांनी तेव्हा म्हटले.

जपानने नियम बदलण्याआधी तिथे याचा कडेलोट झाला होता. 1991 च्या शरद ऋतूतील तेन्नो शो शर्यतीत ‘मेजिरो मॅकक्वीन’ सहा लांबीने जिंकला आणि सुरुवातीच्या अडथळ्यासाठी त्याला शेवटचे, अठरावे स्थान देण्यात आले. 2010 च्या जपान कपमध्ये ‘बुएना व्हिस्टा’ पावणेदोन लांबीने पहिली आली, पण दुसरी ठरली. तिने पुढच्या वर्षी तोच कप पुन्हा धावून जिंकला.

यावर दुसऱ्या वर्गाच्या समर्थकांचे म्हणणे सहज बाजूला सारण्याजोगे नाही. घोडे कोसळले तर स्वारांचा जीव जातो. ‘जिंकलास तर शर्यत तुझीच’ असे स्वाराला कळले, तर मोठ्या शर्यतीत तो फट शोधण्याऐवजी फट पाडेल. पहिल्या वर्गाचे उत्तर असे की घोड्याचा क्रम आणि स्वाराची शिक्षा वेगळी ठेवा. मालक आणि पैसे लावणारे यांना स्वाराच्या चुकीसाठी दंडू नका, स्वाराला निलंबित करा. तर्क म्हणून हे उत्तर सरस आहे. व्यवहारात मात्र निलंबन काही दिवसांचे असते आणि बक्षीस आयुष्यभराचे. कोट्यवधींची शर्यत जिंकून आठवडाभर घरी बसायला कोण नाही म्हणेल? ज्या देशांनी पहिला वर्ग स्वीकारला, त्यांना या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अजून सापडलेले दिसत नाही.

पंच प्रत्यक्ष ठरवतात कसे? आधी अडथळ्याची जागा पाहिली जाते. शेवटच्या शंभर मीटरमध्ये गमावलेली एक लांबी भरून काढायला वेळ उरत नाही, हजार मीटर आधी गमावलेली भरून निघू शकते. मग गमावलेले अंतर आणि शेवटचे अंतर यांची तुलना होते. धक्क्यानंतर घोडा पुन्हा लय पकडून पुढच्याच्या जवळ सरकत होता की मागे पडत होता, हे पाहतात. स्वाराने घोडा आवरला की नुसता आवरल्याचा अभिनय केला, हेही पाहावे लागते. या शेवटच्या कलेत काही स्वार भलतेच निपुण असतात. बाजूच्या कॅमेऱ्यातून दोन घोड्यांमधली फट दिसत नाही, ती समोरून घेतलेल्या चित्रणात दिसते. म्हणून चौकशीच्या खोलीत सर्वाधिक वेळा मागे-पुढे फिरवले जाते ते समोरचे चित्रण. स्वारांच्या जबान्या ऐकल्या जातात, पण त्या दोघांचाही निकालात स्वार्थ असतो. शंका उरली तर शर्यतीचा मूळ क्रम कायम राहतो.

पंच कोण, हा प्रश्नही गौण नाही. 1913 च्या एप्सम डर्बीत ‘क्रॅगॅनूर’ पहिला आल्याचे जाहीर झाले होते. कुणाही स्वाराने तक्रार केली नव्हती. स्ट्युअर्डांनी स्वतःच हरकत घेतली, स्वतःच ती ऐकली आणि 100 ला 1 भाव असलेल्या ‘अबॉयर’ला विजेता केले. निर्णय देणाऱ्यांत मेजर युस्टेस लोडर होते. क्रॅगॅनूरची पैदास त्यांच्याच अश्वशाळेतली आणि तो त्यांनी विकून टाकलेला. याच शर्यतीत एमिली डेव्हिसन या मताधिकारवादी स्त्रीला राजाच्या घोड्याची धडक बसली आणि पुढे तिचा मृत्यू झाला, त्यामुळे इतिहासात बाकीचे मागे पडले. पण हौशी, हितसंबंध असलेल्या पंचांऐवजी पगारी व प्रशिक्षित पंच का हवेत, हे समजण्यासाठी एवढे एकच उदाहरण पुरे आहे.

भारतात महालक्ष्मीचे मैदान 1883 पासूनचे. तिथे 1943 मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली तेव्हा जिंकलेली ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ प्रतापसिंहरावांचीच होती आणि तिच्यावर होता एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी. याच ब्रिटने पुढे डॉनकॅस्टरला ‘सयाजीराव’ला डोकेभर पुढे काढले. बडोदे संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले, 1951 मध्ये प्रतापसिंहरावांना पदच्युत करण्यात आले आणि वडोदऱ्यात आता ‘रेस कोर्स’ हे नाव रस्त्यापुरते उरले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये लक्ष्मणन खटल्यात अश्वशर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले आणि शर्यतींवरील पैज जुगारापासून वेगळी काढली. खेळ कौशल्याचा असेल, तर त्याचा निकालही कौशल्याचा असायला हवा. हरकतींची चौकशी म्हणूनच केवळ मैदानातली औपचारिकता राहत नाही.

पैसे लावणाऱ्याच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चौकशी चालू असेपर्यंत तिकीट फाडायचे नाही. अंतिम निकाल जाहीर झाल्यावरच पैसे वाटले जातात आणि एकदा ते वाटले की नंतरच्या अपिलाचा परिणाम साधारणतः बक्षिसावर व नोंदवहीवर होतो, पैजांवर नाही. 2015 च्या त्या दिवशी नियमाने पैसे मिळायचे ते बाँडी बीचवर लावणाऱ्यांना. सिंपल व्हर्सचे नाव 11 दिवसांनी विजेत्यांच्या यादीत परत आले, तिच्या तिकिटांचा हिशेब मात्र डॉनकॅस्टरला त्याच संध्याकाळी संपला होता.