बिल्टी नीट वाचा, मगच माल गाडीत चढवा

हळद दळली, पाकिटं भरली, लेबलं चिकटवली की आपल्याला वाटतं काम उरकलं. पण गिऱ्हाईक असतं पुण्याला, नागपूरला, नाही तर मुंबईच्या प्रदर्शनात. तिथवर माल धडधाकट पोचेपर्यंत आपला पैसा रस्त्यावरच असतो. म्हणून आज ट्रान्सपोर्टबद्दल बोलूया.

आपलं हदगाव ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर आहे. तुळजापूरहून निघालेला हा रस्ता लातूर, नांदेड, हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत नागपूरजवळच्या बुटीबोरीला जातो. दिवसरात्र ट्रक दिसतात. मग आपल्या पाच कट्ट्यांसाठी एखादा का थांबत नाही? कारण तो बहुतेक वेळा एकाच मालकाच्या मालानं भरलेला असतो. लातूरची डाळमिल पूर्ण गाडी ठरवते. आपला माल थोडा, म्हणून तो 'पार्ट लोड' जातो, म्हणजे चार जणांचा माल एका गाडीत. आधी तो ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला उतरतो, तिथं त्या दिशेचा बाकी माल जमतो, मग मोठ्या गाडीत चढतो आणि पोचल्यावर परत गोडाऊनला उतरतो. इतक्या वेळा हमालाच्या पाठीवर जाणार हे धरूनच बांधणी करायची. हळदीच्या पाकिटांना आतून जाड प्लास्टिक हवंच. लोणच्याच्या बरण्यांना पुठ्ठ्याचे कप्पे हवेत. नाव-पत्ता आणि फोन दोन बाजूंना लिहा. एक बाजू फाटली तरी दुसरी राहते.

आता भाडं. वजनावर भाडं, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण पापड, कुरडया, शेवया हलक्या असतात आणि जागा मात्र खूप खातात. अशा मालाला जागेवर भाडं लावतात. कुरिअरवाले बऱ्याचदा खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि ५००० ने भागतात. समजा खोकं ६० बाय ४५ बाय ४० आहे. गुणाकार १,०८,०००. भागिले ५०००, म्हणजे २१.६ किलो. आत कुरडया आठच किलो असल्या तरी पैसे जवळजवळ बावीस किलोचे. ट्रकवाल्यांचा हिशोब वेगळा असू शकतो, म्हणून आधी विचारा. उपाय सोपा आहे: खोकं मालाच्या मापाचं घ्या, मोकळी जागा ठेवू नका. आणि कुरडईच्या किमतीत हे भाडं आधीच धरा.

भाडं ठरवताना आणखी तीन गोष्टी विचारा. हमाली भाड्यात आहे की वेगळी? माल दारात देणार की गिऱ्हाइकानं गोडाऊनला येऊन न्यायचा? आणि भाडं आपण आधी भरायचं, की 'टू पे', म्हणजे माल घेणाऱ्यानं भरायचं? हे गिऱ्हाइकाला सांगितलं नसेल तर ते माल सोडवतच नाही आणि माल गोडाऊनला पडून राहतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन बाजारात येतं तेव्हा गाड्यांची ओढाताण असते. त्या दिवसांत दोन दिवस आधीच बुकिंग करा. परतीची रिकामी गाडी मिळाली तर भाडं कमी पडतं. एसटीचीही मालवाहतूक २०२० पासून सुरू आहे, आगारात तिचा दर विचारून ताडून पाहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ती म्हणजे बिल्टी. कोणी तिला एलआर म्हणतं. आपण ती घडी घालून पर्समध्ये ठेवतो आणि विसरतो. पण माल दिल्याचा तोच पुरावा. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंग घेणाऱ्या ट्रान्सपोर्टनं नोंदणी केलेली असावी लागते आणि माल घेतल्याची पावती द्यावी लागते. पावतीवर नग किती, वजन किती, मालाचं वर्णन काय हे तिथंच उभं राहून वाचा. नुसतं 'किराणा' लिहू देऊ नका, 'हळद पावडर, ५ कट्टे' असं लिहून घ्या.

आणि किंमत. किंमत कमी सांगितली तर बरं, असं काही जणी म्हणतात. इथंच गट बुडतो. नियम असा आहे की वेगळं काही ठरलेलं नसेल, तर माल हरवल्यास किंवा खराब झाल्यास ट्रान्सपोर्टची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते, आणि तीही आपण लिहून दिलेल्या किमतीच्या वर जात नाही. समजा ४०,००० रुपयांची हळद पाठवली आणि भाडं झालं ६०० रुपये. दहा पट म्हणजे ६,०००. उरलेले ३४,००० गटाच्या अंगावर. त्यात बँकेचं कर्ज असेल तर हप्ता काही थांबत नाही.

यावर दोन वाटा आहेत. एक, खरी किंमत लिहून जास्त जोखमीचा दर भरायचा. हा दर घेणाऱ्या ट्रान्सपोर्टनं त्याची सूचना इंग्रजीत आणि आपल्या भाषेत लावलेली असावी लागते. दुसरी, प्रवासातल्या मालाचा विमा काढायचा. वारंवार माल जात असेल तर वर्षाचा एकच विमा सोयीचा पडतो. किमतीचं बिल मात्र मालासोबत हवंच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल एक लाखाच्या वर असेल, किंवा परराज्यात ५०,००० च्या वर, तर ई-वे बिलाचं काय ते आधीच विचारून ठेवा. कागदासाठी गाडी अडली तर तिच्यात बाकीच्यांचाही माल असतो.

माल पोचल्यावर गिऱ्हाइकाला एक सांगून ठेवा. सही करायच्या आधी नग मोजा. कट्टा ओला किंवा फाटलेला दिसला तर पोच-पावतीवर तसं लिहा, फोटो काढा, मगच सही करा. कोरी सही दिली की माल नीट मिळाला असाच अर्थ निघतो. नुकसान झालंच तर नुसत्या फोनवर भांडून भागत नाही. कोर्टात जायचं असेल तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टला लेखी नोटीस गेलेली असावी लागते. 'बघू, करू, पुढच्या आठवड्यात या' असं ऐकता ऐकता सहा महिने कधी सरतात ते कळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. दावा करताना चूक ट्रान्सपोर्टची होती हे आपण सिद्ध करावं लागत नाही. माल दिला आणि तो नीट पोचला नाही, हे मात्र कागदावर दाखवावं लागतं.

तेव्हा तायांनो, बचत गटाच्या येत्या बैठकीत एक फाईल करा. प्रत्येक बिल्टी, बिल आणि पोच-पावती त्यात लावा, आणि बिल्टी वाचून घ्यायचं काम दोघींना नावानिशी द्या. एकीला वेळ नसला तर दुसरी जाईल.