एक सोऱ्या, अनेक चकत्या

लेकाने नेमबाजी शिकायचा हट्ट धरला, तेव्हा मी साफ नाही म्हटलं. त्याने स्वप्नील कुसाळेचं २०२४ चं पॅरिसमधलं कांस्यपदक पुढे केलं. शेवटी शेजाऱ्यांबरोबर मीच रेंजवर गेले.

तिथे दोन रायफली होत्या: टेनेसीची बॅरेट एमआरएडी आणि इंग्लंडची ॲक्युरसी इंटरनॅशनल एएक्सएमसी. सोऱ्याची चकती बदलावी तशी दोन्हींची नळी बदलता येते. बॅरेटचे दोन स्क्रू सैल केले की नळी सुटते; एएक्सएमसीला षट्कोनी चावी पुरते. .३०८ आणि .३३८ हा गोळीचा व्यास, इंचात. म्हणजे साधारण ७.८ आणि ८.६ मिलिमीटर. पण .३३८ लापुआचं काडतूस बुडाशीही जाड, म्हणून बोल्ट आणि मॅगझीनही बदलावं लागतं. नळी बदलली की नेम पुन्हा तपासायचा, हे दोन्हींना सारखंच.

माझ्यातल्या शिक्षिकेने विचारलं, "चूक झाली तर?"

शेजारी म्हणाले, या दोघींत अडथळे आहेत. एआर-१५ प्रकारात मात्र .२२३ आणि .३०० ब्लॅकआउट एकाच मॅगझीनमध्ये बसतात. ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या नळीत झाडलं गेलं, तर रायफल हातात फुटू शकते. म्हणून ते टेबलावर एका वेळी एकाच जातीची काडतुसं ठेवतात.

घरी येऊन मी हो म्हटलं, पण अट घालून. कुसाळेच्या प्रकारातली साधी .२२, नळी एकच, काडतूस एकच. आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे.