पानिपतची थंडी आणि पडसे

हरियाणात पानिपतजवळ काला अंब नावाचे ठिकाण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात झालेल्या लढाईच्या रणभूमीवर एक आंब्याचे झाड होते व ते रक्ताने काळे पडले, अशी आख्यायिका आहे. झाड आता नाही. त्या जागी स्मारकस्तंभ उभा आहे. संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्रातून अनेक मंडळी तेथे जातात. हे दिवस कडाक्याच्या थंडीचे व दाट धुक्याचे असतात. घरी परतल्यावर कोणास शिंका येऊ लागल्या, की दोष त्या धुक्याच्या माथी मारला जातो.

हा आरोप बहुतांशी अन्यायाचा होय. इंग्लंडात सॅलिस्बरी येथे १९४६ ते १९८९ या काळात केवळ पडशाचा अभ्यास करणारी एक संस्था होती. तेथे काही स्वयंसेवकांना स्नानानंतर ओल्या अंगाने वाऱ्याच्या झोतात उभे केले व पुढे ओले मोजे घालावयास लावले. तरी गारठ्याने त्यांना पडसे अधिक झाले असे दिसले नाही. पडसे होते ते विषाणूंमुळे. गारठा अगदीच निर्दोष आहे असेही नव्हे, कारण यांतील पुष्कळ विषाणू शरीराच्या अंतर्भागापेक्षा थंड अशा नाकात अधिक जोमाने वाढतात. परंतु ते येतात सहप्रवाशाकडून : खिडक्या लावून घेतलेल्या डब्यातील शिंकेतून, किंवा शेंबूड लागलेल्या हातातून.

या विषाणूंना मारणारे औषध सध्या नाही. शरीर ते काम स्वतःच करते, आणि त्याला सात ते दहा दिवस लागतात. खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. दोन-तीन दिवसांनी शेंबूड घट्ट व पिवळा-हिरवा होतो, तेव्हा घरची माणसे घाबरून प्रतिजैविके मागतात. वास्तविक तो रंग पांढऱ्या रक्तपेशींमुळे येतो. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. विनाकारण घेतल्यास त्यांना न जुमानणारे जिवाणू मात्र बळावतात, आणि पुढे खऱ्या गरजेच्या वेळी तेच औषध निकामी ठरते.

रोग्यास विश्रांती, मुगाचे कढण किंवा गरम पेज, आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या पुरेशा आहेत. रात्रीच्या खोकल्यास चमचाभर मध बरा; मात्र एक वर्षाखालील बालकास मध मुळीच देऊ नये. आपल्याकडे वाफाऱ्यावर फार भरवसा असतो. त्याने घटकाभर बरे वाटते इतकेच. उकळत्या पाण्याचे पातेले कलंडून मुले भाजतात, ही हानी त्याहून मोठी आहे.

धाप लागणे, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, तीन दिवसांहून अधिक ताप टिकणे, किंवा अंगावर पिणाऱ्या बाळाने दूध सोडणे, ही साध्या पडशाची लक्षणे नव्हेत, डॉक्टरांकडे जावे. तीन महिन्यांखालील बाळास ताप आल्यास एक तासही थांबू नये. घरात असे तान्हे बाळ किंवा वृद्ध आजी असल्यास, प्रवासाहून आलेल्याने शिंका थांबेपर्यंत निराळे निजावे आणि हात साबणाने धुवावेत.