जलशोधक, घरगुती

जलशोधक, घरगुती : पिण्याच्या पाण्यातील गाळ, रोगकारक सूक्ष्मजीव आणि विरघळलेले अपायकारक पदार्थ घरच्या घरी काढून टाकणारे साधन. एकच साधन या सर्व दोषांवर सारखे गुणकारी नसते. म्हणून पाण्याची तपासणी करूनच त्याची निवड करणे इष्ट असते.

हंड्याच्या तोंडाशी फडके बांधून पाणी गाळण्याची चाल जुनी आहे. तिने सूक्ष्मजंतूंपासून पुरेसे संरक्षण मिळत नाही; तथापि नारूचे डिंभ वाहणारे सायक्लॉप्स हे सूक्ष्म प्राणी अडतात. २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला, त्यात या साध्या उपायाचाही वाटा होता.

घरोघरी आढळणाऱ्या ‘कँडल’च्या गाळणीचे मूळ फ्रेंच सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ शार्ल शांबरलां यांच्या १८८४ च्या चिनी मातीच्या सच्छिद्र नळीत सापडते. तिच्यातून सूक्ष्मजंतू पार होत नसत. परंतु तंबाखूच्या रोगट पानांचा रस तिच्यातून गाळल्यावरही संसर्गकारक राहतो, असे द्‌मित्री इव्हानॉव्हस्की यांना १८९२ मध्ये आढळले आणि त्यातूनच पुढे विषाणूंचा शोध लागला. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचे विषाणू सु. ०·०३ मायक्रोमीटर व्यासाचे असल्याने साध्या कँडलवर त्यांच्याबाबत विसंबता येत नाही. तेथे पाणी उकळणे किंवा जंबुपार किरणांचे (यू. व्ही.) उपकरण वापरणे हितावह होय. हे किरण गढूळ पाण्यात नीट पोहोचत नाहीत. शिवाय नंतर अस्वच्छ भांड्यात साठविलेले पाणी पुन्हा दूषित होते.

यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही विहिरींप्रमाणे फ्ल्युओराइड अधिक असेल, तर प्रश्न वेगळा असतो. भारतीय मानकानुसार त्याची इष्ट मर्यादा दर लिटरला १ मिग्रॅ. व कमाल १·५ मिग्रॅ. आहे. उकळल्याने ते कमी होत नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. अशा व खारट पाण्यास व्यस्त तर्षणाचे (आर. ओ.) उपकरण उपयोगी पडते. मात्र त्यात एक लिटर शुद्ध पाण्यामागे बहुधा दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकले जाते व कॅल्शियम, मॅग्नेशियमही निघून जातात. विरघळलेल्या घन पदार्थांची इष्ट मर्यादा दर लिटरला ५०० मिग्रॅ. आहे. मुंबईला तानसा, भातसा इ. जलाशयांतून मिळणाऱ्या पाण्यात ते याहून बरेच कमी असतात. तेथे केवळ जाहिरातींमुळे हे महागडे उपकरण बसविणे अनाठायी ठरते.

सक्रियित कार्बनामुळे क्लोरीन व दुर्गंध जातो. परंतु तो वेळेवर न बदलल्यास त्यातच सूक्ष्मजंतू वाढतात. कँडल मऊ कुंचल्याने घासून धुवावी व तडा गेल्यास, तो केसाएवढा असला तरी, टाकून द्यावी.