टोपलीचं वजन

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर मासळीची भरलेली टोपली उचलणारी बाई आधी फडक्याला पीळ देऊन त्याची चुंबळ करते, ती टाळूवर बसवते आणि मग कुणाला तरी हात लावायला बोलावते. टोपली डोक्यावर आली की मान ताठ होते. वळायचं झालं तर अख्खं अंग वळतं. हेच रंगमंचावर दाखवायचं असेल तर टोपली रिकामी चालते, एक वेळ नसली तरी चालते. चुंबळ मात्र हवी. नटीनं पदर पिळून डोक्यावर ठेवला की प्रेक्षकाला ओझं दिसतं, आणि तिची मान मोकळी हलली की खरी टोपलीसुद्धा खोटी पडते. म्हणून मला वाटतं, साध्या वस्तूला नाटकात जे प्रतीकाचं बळ येतं ते तिच्या हुबेहूबपणातून नव्हे, तिच्याशी जोडलेल्या कामाच्या आणि वापराच्या ओळखीतून येतं.

यावर कुणी म्हणेल, दशावतार तर एका बाकड्यावर भागवतो, मग वस्तूंचं एवढं कौतुक कशाला? पण ते बाकडं प्रत्येकाच्या बसण्यातलं आहे. राजा ऐटीत टेकला की त्याचं सिंहासन होतं, कारण बसण्यातला फरक प्रेक्षकाला कळतो. नक्षीदार सिंहासन आणलं तर ते शेवटपर्यंत सिंहासनच राहील. लिखित नाटकातही हेच घडतं. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) सामंत या पात्रानं पुतण्यासाठी घेतलेला कापडी पोपट असतो. सुरुवातीला ते निव्वळ खेळणं. शेवटी तोच पोपट सामंत कोसळलेल्या नायिकेजवळ, बेणारेजवळ ठेवतो. जिच्या पोटातलं मूल नष्ट करण्याचा निवाडा नुकताच ऐकवला गेलाय, तिच्याजवळ लहान मुलाचं खेळणं! तिथे संवादाची गरजच उरत नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे. ज्यानं चुंबळ कधी पाहिलीच नाही, त्याला पिळलेल्या पदरात काय दिसणार? काहीच नाही, हे मान्य करायला हवं. जातं, कंदील, चुंबळ यांचे अर्थ वापराबरोबर विरतात. अशा वेळी नटानं आधी ते काम पूर्ण करून दाखवावं, घाई न करता, आणि अर्थ त्यानंतर मागावा. रत्नागिरीत राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी करणाऱ्या संघांना एवढीच विनंती: प्रॉपर्टीची यादी करण्याआधी एक सकाळ जेटीवर काढा, आणि टोपलीकडे नको, ती उचलणाऱ्या मानेकडे बघा.