ग्राउंड कुठला द्यायचा?

लग्नपत्रिका असो, महडच्या वरदविनायकाच्या माघी उत्सवाचे पत्रक असो की शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. कर्जत, नेरळ, खोपोली, खालापूर इथल्या डीटीपीच्या दुकानात मजकूर हाती पडला की ऑपरेटर विचारतो, ‘ग्राउंड कुठला देऊ?’ ग्राउंड म्हणजे पानामागचा रंग. उत्तरही बहुधा ठरलेले : ‘जरा उठून दिसेल असा द्या.’ उठून काय दिसायला हवे, रंग की मजकूर, हे मात्र कोणी बोलत नाही.

1909 साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. त्यानंतरही कित्येक दशके मराठी अंकांतला रंग मुखपृष्ठ आणि मोजकी चित्रे यांपुरताच राहिला. गावच्या छापखान्यात तर रंगीत ग्राउंड परवडतच नसे, म्हणून कागदच रंगीत घेत. गुलाबी, पिवळा, पोपटी पातळ कागद आणि त्यावर काळी शाई. जत्रा, नाटक, निवडणूक, सगळ्यांची पत्रके अशीच निघत. एकाच छपाईत काम होई, रंग थेट कडेपर्यंत असे आणि अक्षर ठसठशीत राही. या पद्धतीला स्वस्तातली म्हणून नाक मुरडले गेले; वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती आजच्या कितीतरी चकचकीत पानांपेक्षा सरस होती.

1985 साली आल्डस कंपनीचा पेजमेकर हा संगणकावर पाने जुळवणारा प्रोग्रॅम आला. पुढे श्रीलिपी, आकृती, आयएसएम या फाँट-सॉफ्टवेअरच्या जोरावर मराठी पानेही त्यात जुळू लागली. पेजमेकरमध्ये ‘पानाचा रंग बदला’ अशी आज्ञाच नव्हती. मास्टर पेजवर पानाएवढा चौकोन काढायचा, त्यात रंग भरायचा, तो सगळ्यांच्या मागे धाडायचा; मग तो प्रत्येक पानावर आपोआप येई. माझ्या मते ही उणीव नव्हती. चौकोन हाताने काढावा लागला की आपण कागदावर शाई चढवतो आहोत याचे भान राहते.

पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये घोटाळा होतो तो इथेच. कोरलड्रॉमध्ये पानाचा रंग थेट निवडता येतो, पण तो छापून यावा की नाही याची खूण वेगळी असते. 1999 साली आलेल्या इनडिझाइनमध्ये ‘पेपर’ नावाचा रंग आहे. त्यावर दोनदा क्लिक करून तो बदलला की पडदाभर पान पिवळे दिसते, छपाईत मात्र पांढरेच येते. कारण तो रंग फक्त कागद कसा दिसेल याचा अंदाज देण्यासाठी आहे. वर्डमध्येही पानाला दिलेला रंग छापायचा असेल तर तशी वेगळी सूचना द्यावी लागते. खात्रीचा मार्ग आजही जुनाच आहे : मास्टर पेजवर चौकोन, आणि कटिंगच्या कडांना तो तीन मिलिमीटर बाहेर. ते तीन मिलिमीटर सोडले नाहीत, तर कापताना कडेला पांढरी रेघ उरते.

आता आपल्या हवामानाचे. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि गणपतीची पत्रके, नवरात्राच्या पुस्तिका, दिवाळीचे अंक यांची कामे नेमकी पावसाळ्याच्या ओल्या महिन्यांत यंत्रावर चढतात. दमट हवेत कागद फुगतो, एकावर एक चढणारे चार रंग जागेवर बसत नाहीत. सॉलिड, म्हणजे पूर्ण भरीव, ग्राउंडची शाई लवकर वाळत नाही. गठ्ठ्यात वरच्या तावाच्या पाठीला लागते. त्यातून मॅपलिथोसारख्या कागदावर शाई पसरते, म्हणून पडद्यावर हलका वाटलेला वीस टक्क्यांचा टिंट, म्हणजे शाईची फिकट छटा, छापल्यावर गडद होतो.

सगळ्यात मोठा फटका देवनागरीला बसतो. गडद ग्राउंडमध्ये पांढरे अक्षर म्हणजे रिव्हर्स. तिथे अक्षर छापले जात नाही, अक्षराएवढी जागा कोरी सोडली जाते, आणि भोवतालची शाई तीत शिरते. बारीक टायपात आधी अनुस्वार बुजतो, मग रफार, मग जोडाक्षरातली फट. रंग किंचित सरकले तरी शिरोरेषेला लाल-निळी झालर येते. कर्जतचे भात संशोधन केंद्र सर्वांना माहीत आहे. कर्जत-3, कर्जत-7 ही वाणे तिथलीच. अशा वाणाची माहिती गडद हिरव्या ग्राउंडवर पांढऱ्यात छापली आणि खताच्या मात्रेतला दशांश चिन्हाचे टिंब बुजले, तर शेतकऱ्याने काय वाचायचे? दुसरे उदाहरण. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. त्यांच्यावरच्या लेखाला गांभीर्य यावे म्हणून काळे पान देण्याचा मोह होतो. पण ज्यांचे कार्य पुढच्या पिढीने वाचावे असे वाटते, त्यांच्यावरचा मजकूर आजोबांना चष्म्यातूनही लागत नसेल, तर तो आदर कसला?

रंग नकोच, असे मुळीच नाही. हळदीच्या पत्रिकेला पिवळा हवाच. तो चार शायांतून बनवू नये, एकट्या पिवळ्या शाईचा दहा-पंधरा टक्के टिंट घ्यावा. एकच शाई असली की रंग सरकण्याचा प्रश्न उरत नाही, आणि वरचे काळे अक्षर ओव्हरप्रिंट ठेवले, म्हणजे खालच्या रंगावरच छापले, की त्याच्या कडेला पांढरी फट पडत नाही. गडद ग्राउंड शीर्षकाला, मुखपृष्ठाला, मोठ्या अक्षराला शोभतो. सलग वाचायच्या मजकुराखाली तो देऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

स्मरणिका, अहवाल, अंक काढणाऱ्या मंडळांना एकच विनंती. मोबाइलवर आलेली पीडीएफ पाहून ‘ओके’ कळवू नका. ज्या कागदावर छापणार त्याच कागदावर, खऱ्या आकारात एक पान काढून घ्या, ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ट्यूबलाइटखाली वाचायला द्या, आणि मगच प्लेट काढायला सांगा.